शिट्टीपूर्वीचा खेळ

हरीशराव मुळावकर यांच्या लिमरिकमधील घरी जो कोणी प्रथमच जातो, त्याचे लक्ष स्वयंपाकघरातील कपाटांवर चिकटवलेल्या पट्ट्यांकडे आधी जाते. आयर्लंडमध्ये अशा कपाटाला प्रेस म्हणतात आणि हरीशरावांनीही तो शब्द आता आपलासा केलेला आहे. एका प्रेसवर ‘डाळी’, दुसऱ्यावर ‘पिठे’, तिसऱ्यावर ‘मसाले’ आणि कोपऱ्यातील प्रेसवर ‘इतर’ असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले आहे. या शेवटच्या पट्टीबद्दल हरीशरावांना मनातून खंत वाटते. नीट विचार केला तर जगात ‘इतर’ असे काही उरता कामा नये, असे त्यांचे प्रामाणिक मत आहे. त्यांच्या पत्नी शुभदाताई मात्र हातातील वस्तू सरळ त्याच प्रेसमध्ये टाकतात, आणि हवी तेव्हा ती त्यांना तिथेच सापडते.

हरीशराव मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे. शिक्षण नागपुरास झाले आणि पहिली नोकरी बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात लागली. तिथले तापमापक आणि दाबमापक खरे दाखवतात की खोटे, हे पडताळून पाहणे हे त्यांचे काम होते. त्या कारखान्यात आत शिरताना बूट बदलण्यापासून बाहेर पडताना सही करण्यापर्यंत प्रत्येक कृती आधी कागदावर उतरवलेली असे. बरोबरीच्या तरुणांना त्याचा जाच होई. हरीशरावांना मात्र त्यात समाधान लाभे. आपण आज केलेले काम उद्या दुसऱ्या कोणी तसेच्या तसे करावे, आपण तिथे असलो काय आणि नसलो काय, ही गोष्टच त्यांना मोठी सुंदर वाटे.

पुढे आयर्लंडमधील एका औषध कारखान्याचे बोलावणे आले तेव्हा ते सहकुटुंब इकडे आले. मुलगी रेवती त्या वेळी कडेवर होती. काही वर्षांनी त्यांना एका सॉफ्टवेअर कंपनीने आपल्याकडे घेतले. तिचे मुख्य कार्यालय डब्लिनच्या सँडीफोर्ड भागात, आणि कामाची शाखा लिमरिकला. संगणकाचे पुष्कळ जाणकार त्या कंपनीजवळ होते. जे ठरले ते दोन माणसे दोन प्रकारे वाचू शकणार नाहीत अशा शब्दांत लिहून ठेवील, असा माणूस मात्र तिला हवा होता.

काम असे होते. डॉक्टर हृदयाच्या रक्तवाहिनीत जी बारीक नळी सरकवतात, ती तयार करणाऱ्या यंत्राला ‘इतके तापव, इतका वेळ धर, मग सावकाश ओढ’ हे सारे सांगावे लागते. ते सांगण्यासाठी कंपनीने स्वतःची एक संगणकीय भाषा घडवायला घेतली होती. तिचे नाव टेड. आयरिश भाषेत टेड म्हणजे दोर. माणसांच्या भाषेत बोलणारा चुकला तरी ऐकणारा समजून घेतो. यंत्र समजून घेत नाही. म्हणून टेडमधील प्रत्येक शब्दाचा अर्थ काय, कोणता शब्द कोठे चालतो आणि कोठे चालत नाही, याचे एक नियमपुस्तक लिहिणे आवश्यक होते. ते हरीशरावांनी लिहिले. त्याचे पहिलेच वाक्य असे होते: ‘टेडमधील प्रत्येक मजकुराचा अर्थ सर्व काळी व सर्व यंत्रांवर एकच असतो.’ हे वाक्य सुचले त्या दिवशी त्यांनी घरी शिरा करायला सांगितला होता, असे शुभदाताई अजूनही हसून सांगतात.

भार्गवी ही त्यांची सहकारी. पुण्याची, हुशार, बोलण्यात फटकळ. नियमपुस्तकाप्रमाणे टेडला प्रत्यक्ष चालते-बोलते करणे हे तिचे काम. तिने आपल्या मनाने भाषेला एक जोड दिली. यंत्राशेजारच्या पडद्यावर एक रिकामी ओळ लुकलुकत राही, तिला प्रॉम्प्ट म्हणतात. त्या ओळीत एक सूचना लिहायची, की यंत्र ती लगेच करून दाखवी. मग दुसरी लिहायची, आवडली नाही तर बदलायची. आधी सगळी फाइल लिहा, मग ती चेकर नावाच्या तपासनीस प्रोग्रॅमकडून तपासून घ्या, मग हिरवी खूण मिळाल्यावर चालवा, ही लांबची वाट प्रॉम्प्टवर नव्हती.

“दादा, तुमचा स्पेक वाचून होईपर्यंत माणूस रिटायर होतो,” ती म्हणे. लिहिलेल्या नियमांना ती सगळी मंडळी स्पेक म्हणत.

“होऊ दे ना. एकही चूक न करता रिटायर होईल,” हरीशराव म्हणत.

“चूक न करता शिकेल कधी पण?”

यावर हरीशरावांनी नियमपुस्तकाच्या अगदी शेवटी एक ओळ घातली: ‘प्रॉम्प्टवर लिहिलेला मजकूर हा टेड भाषेचा भाग मानू नये.’ ही ओळ त्यांच्या मनातील ‘इतर’ नावाच्या प्रेससारखीच होती. तीत जे टाकले त्याचा पुन्हा विचार करावा लागत नसे.

लिमरिकजवळच्या एका वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात टेड चालू झाली. तिथल्या तंत्रज्ञांना ती आवडली, पण ती प्रॉम्प्टमुळे. डेक्लन नावाचा वयस्क तंत्रज्ञ त्यांचा म्होरक्या होता. तो दिवसभर प्रॉम्प्टवर काहीतरी करून पाही आणि समाधान झाले की ते फाइलमध्ये उतरवी.

असे काही महिने सुरळीत गेले. मग एके सकाळी डेक्लनची फाइल अर्ध्यावर थांबली. नळ्या भट्टीत, भट्टी तापलेली, आणि पडद्यावर एकच निरोप: ‘केटल’ हे नाव ठाऊक नाही. कोणाला इजा झाली नाही, नळ्या कारखान्याबाहेर गेल्या नाहीत. नळ्यांचे पूर्ण तबक तेवढे फेकून द्यावे लागले. पण त्या फाइलवर हिरवी खूण होती. चेकरने आदल्या दिवशीच तिला सर्व ठीक असल्याचा निर्वाळा दिला होता. कारखान्याच्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुख बाईंनी सरळ प्रश्न विचारला, की हिरवी खूण असूनही काम थांबणार असेल, तर त्या खुणेचा अर्थ काय.

सँडीफोर्डहून नोरीनचा फोन आला. नोरीन ही टेडच्या कामाची प्रमुख. तिने परिस्थिती आडपडदा न ठेवता सांगितली. गुणवत्तावाल्या बाईंचे म्हणणे, प्रॉम्प्ट बंद करा, नाहीतर आम्ही टेड सोडतो. डेक्लन आणि त्याच्या माणसांचे म्हणणे, प्रॉम्प्ट बंद झाला तर आम्ही जुन्या बटणांच्या पेटीकडे परत जातो. टेड वापरणारा हा एकच कारखाना होता. कोणत्याही बाजूने नकार आला तरी नाताळापूर्वी भाषा गुंडाळावी लागणार होती.

“पुढच्या आठवड्यात इथे बैठक आहे,” नोरीन म्हणाली. “नियम तू लिहिलेस. काय करायचे ते तू सांग. मी तेच पुढे ठेवीन.”

हरीशरावांचे मत तयारच होते. प्रॉम्प्ट बंद करावा. तसे त्यांनी भार्गवीला सांगितले.

“म्हणजे चूक माझी?” भार्गवीने विचारले.

“चूक डेक्लनची. केटल म्हणजे काय, ते त्याने फाइलमध्ये लिहिलं नाही. पण प्रॉम्प्ट नसता तर त्याला विसरायची संधीच मिळाली नसती.”

“आणि चेकरने हिरवं कसं दिलं? मी चेकर तुमच्या स्पेकप्रमाणे लिहिलाय, दादा. शब्द न् शब्द.”

“मग तुझ्या लिहिण्यात काहीतरी राहिलं असेल.”

भार्गवीने लॅपटॉप मिटला आणि ती निघून गेली. त्यानंतर दोन दिवस ती हरीशरावांशी कामापुरतेच बोलली.

येथे हरीशरावांच्या स्वभावातील एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ते हट्टी होते, पण कुतूहलाच्या बाबतीत लहान मुलासारखे होते. एखादी गोष्ट का घडली हे कळल्याविना त्यांना अन्न गोड लागत नसे. शिफारस लिहायला बसले असता त्यांच्या एकदम ध्यानात आले, की ज्या प्रॉम्प्टला आपण बंद करायला निघालो आहोत, त्याच्यासमोर आपण आजवर एकदाही बसलेलो नाही. त्यांनी लिहिणे थांबवले आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढून कारखाना गाठला.

डेक्लनने त्यांना येताना पाहिले. “पुस्तकवाला आला,” तो शेजाऱ्याला म्हणाला. मग खुर्ची पुढे सरकवून हरीशरावांना म्हणाला, “बस. का कुठल्या पानावर बसायचं ते आधी बघतोस?”

“बसण्याबद्दल नियम नाही,” हरीशराव गंभीरपणे म्हणाले. “उभे राहूनही चालेल.”

डेक्लन मनापासून हसला आणि त्या हसण्याने दोघांमधील अवघडलेपण थोडे कमी झाले.

हरीशराव सकाळभर बघत राहिले. डेक्लन एक ओळ लिही, यंत्र नळीचा एक तुकडा तापवून ओढी, डेक्लन तो दिव्यासमोर धरून डोळे बारीक करून पाही, मान हलवी आणि ओळीतला आकडा बदली. पुन्हा तुकडा, पुन्हा दिवा.

“हे सगळे आधीच ठरवून का लिहीत नाहीस?” हरीशरावांनी विचारले.

“कारण आधी मला माहीत नसतं.” डेक्लनने नवा तुकडा त्यांच्या हातात दिला. “हे बघ, धुरकट दिसतंय ना? या खेपेचं प्लॅस्टिक जरा रुसलेलं आहे. मागच्या खेपेचं गुणी होतं. आता मी हे रुसणं तुझ्या पुस्तकात कुठं लिहू?”

हरीशरावांनी तुकडा दिव्यासमोर धरला. खरोखरच आत धुके होते. नियम लिहिताना त्यांच्या मनासमोर नळी असे, पण ती नेहमी स्वच्छ असे.

“त्या दिवशीचे सगळे मला पुन्हा करून दाखवशील?” त्यांनी विचारले. “जसेच्या तसे. चूक टाळू नकोस.”

“चूक करायला पहिल्यांदाच कोणी सांगतंय,” डेक्लन म्हणाला, आणि त्याने करून दाखवले. आधी त्याने प्रॉम्प्टवर यंत्राला एक नवे नाव शिकवले: केटल म्हणजे या तापमानावर एवढा वेळ धरून ठेवणे. किटलीत पाणी उकळायला साधारण तितकाच वेळ लागतो, म्हणून ते नाव. मग त्याने फाइल उघडून लिहिले, ‘केटल कर, मग ओढ’. केटल म्हणजे काय, ते फाइलमध्ये लिहायचे राहिले, कारण यंत्र तर ते ओळखतच होते. मग त्याने चेकर चालवला. हिरवी खूण उमटली.

“आता यंत्र बंद कर आणि पुन्हा सुरू कर,” हरीशराव म्हणाले.

यंत्र नव्याने सुरू झाले. प्रॉम्प्टवरची सारी आठवण पुसली गेली होती. फाइल चालवताच ती केटलपाशी थांबली.

हरीशराव खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी लॅपटॉपवर आपलेच नियमपुस्तक उघडले आणि तो नियम काढला: ‘कोणतेही नाव वापरण्यापूर्वी ते ओळखीचे असले पाहिजे.’ चेकरने हाच नियम पाळला होता. नाव ओळखीचे होते. पण कोणाच्या ओळखीचे? फाइलच्या नव्हे, दुपारी जागे असलेल्या आणि संध्याकाळी झोपी गेलेल्या त्या प्रॉम्प्टच्या ओळखीचे. भार्गवीने लिहिण्यात काही सोडले नव्हते. डेक्लनचे विसरणेही साहजिक होते. प्रॉम्प्ट हा भाषेचा भाग नाही असे एका ओळीत लिहून त्यांनी त्याकडे पाठ फिरवली होती, आणि चेकर मात्र फाइल आणि प्रॉम्प्ट यांच्या मधले दार सताड उघडे ठेवून बसला होता.

“विलक्षण आहे,” ते म्हणाले.

“चहा घेतोस का?” डेक्लनने विचारले.

“हो. पण आधी आणखी एकदा करून दाखव.”

कारण सापडले, तरी उपाय सापडला नव्हता. दार कायमचे बंद करावे तर डेक्लनचे हात बांधले जातात. उघडे ठेवावे तर हिरवी खूण खोटी ठरते. शनिवारी सकाळी रेवतीचा कॅमोगीचा सामना होता, तिथेही हरीशराव हेच मनात घोळवीत मैदानाच्या कडेला उभे होते. कॅमोगी हा आयर्लंडमधील मुलींचा खेळ. वाकड्या टोकाच्या लाकडी काठीने लहानसा कडक चेंडू उडवायचा. शुभदाताई छत्री धरून शेजारी होत्या, कारण पाऊस धड पडतही नव्हता आणि थांबतही नव्हता.

मैदानात मुली मनाला येईल तसे चेंडू मारीत होत्या. कोणाची पाळी नाही, कोणता संघ नाही, एकाच वेळी अनेक चेंडू. रेवतीने लांबून एक चेंडू असा काही मारला, की तो थेट जाळीत गेला. हरीशरावांनी टाळ्या वाजवल्या.

“एक गोल झाला,” ते म्हणाले.

रेवती कडेला पाणी प्यायला आली होती. तिला मराठी सगळे समजते, पण उत्तर ती लिमरिकच्या सुरातील इंग्रजीत देते. “बाबा, दॅट डझन्ट काउंट. इट्स ओन्ली द पक-अराउंड.”

“काउंट का नाही? सगळ्यांनी बघितला.”

“बिकॉज द व्हिसल हॅझन्ट गॉन.” तिने आईकडे पाहिले. “आई, टेल हिम.”

“अहो, शिट्टी वाजली नाही अजून,” शुभदाताई म्हणाल्या. “शिट्टीच्या आधी मुली हात मोकळे करतात. कितीही मारा, कसंही मारा. इतकी वर्षं येताय, तुम्ही नेमकं बघता तरी काय?”

“मी रेवतीकडे बघतो.”

“मग आज शिट्टीकडे बघा.”

पंचाने शिट्टी वाजवली. जास्तीचे सगळे चेंडू मैदानाबाहेर गेले. मुली आपापल्या जागी उभ्या राहिल्या. फलकावर दोन्हीकडे शून्य होते. हरीशराव त्या शून्याकडे टक लावून बघत राहिले. आधीच्या मोकळ्या खेळाला कोणी मनाई केली नव्हती. उलट त्याविना सामना नीट झाला नसता. पण त्यातला एकही गोल सामन्यात आला नव्हता. आमच्याकडे पक-अराउंडमधला गोल फलकावर चढला, असे त्यांच्या मनात आले, आणि चढला तो कोणी लबाडी केली म्हणून नव्हे. आमच्याकडे शिट्टीच नव्हती.

त्या दिवशी रेवतीचा संघ हरला. परतताना गाडीत हरीशरावांनी पक-अराउंडबद्दल इतके प्रश्न विचारले, की शेवटी रेवतीने कानात इअरफोन घातले.

सोमवारी ते भार्गवीच्या टेबलाशी गेले. “चेकर तू बरोबर लिहिला होतास,” ते म्हणाले. “नियमात भोक होते. मी उगीच तुझ्यावर घसरलो.”

भार्गवीने शेजारची खुर्ची ओढली. “बसा. आपल्या त्या डेक्लनने सांगितलं मला. म्हणाला, पुस्तकवाला चार वेळा तीच चूक करायला लावत होता.”

हरीशरावांनी शिट्टीची कल्पना मांडली. प्रॉम्प्टवर हवे ते करावे. पण फाइलला हिरवी खूण मागितली, की शिट्टी वाजली असे समजावे. मग चेकरने प्रॉम्प्टची सारी आठवण बाजूला ठेवावी आणि फाइल पहिल्या ओळीपासून कोऱ्या मनाने वाचावी.

“छान,” भार्गवी म्हणाली. “आणि डेक्लन कीबोर्ड फेकून मारणार. सकाळभर खपून त्याने जे शोधलं, ते तुमच्या शिट्टीने पुसलं.”

“त्याने ते फाइलमध्ये लिहावे.”

“विसरतो ना तो. आपण तिथूनच तर सुरू केलं होतं.”

ती बरोबर बोलत होती. मैदानातल्या मुलींचा सराव त्यांच्या हातात उतरतो. यंत्राला तसे हात नसतात. मग दोघे फळ्यापाशी उभे राहिले आणि दुपार कशी गेली ते कळले नाही. भार्गवीनेच मार्ग सुचवला. शिट्टी वाजली की काहीही पुसण्याआधी चेकरने विचारावे: प्रॉम्प्टवर शिकवलेले केटल हे नाव फाइलमध्ये वापरले आहे, ते सोबत घ्यायचे का? होय म्हटले, तर त्याचा अर्थ फाइलमध्ये लिहिला जाईल, सर्वांना दिसेल असा. नाही म्हटले, तर हिरवी खूण मिळणार नाही. चोरपावलांनी मात्र काही आत येणार नाही.

“म्हणजे प्रॉम्प्टही भाषेतच आला,” हरीशराव म्हणाले. ते त्यांना जड जात होते.

“आला. त्यालाही नियम लिहा आता.”

ते खडू खाली ठेवून निघणार, तोच पुन्हा वळले. “भट्टी,” ते म्हणाले.

“काय भट्टी?”

“नावे आपण बाजूला ठेवू. पण भट्टी तापलेली असते, ती कशी बाजूला ठेवणार? डेक्लनने सकाळभर खटपट केली, की भट्टी गरमच राहते. गरम भट्टीवर जे जमले ते उद्या सकाळी थंड भट्टीवर जमेल कशावरून? शिट्टी यंत्रालाही ऐकू गेली पाहिजे.”

भार्गवीने कपाळाला हात लावला. “म्हणजे हिरव्या खुणेआधी यंत्र पूर्ण थंड होऊ द्यायचं आणि मग फाइल एकदा चालवून बघायची. दादा, त्याला वेळ किती लागेल, कल्पना आहे? आजवर खूण चुटकीसरशी मिळत होती.”

“डेक्लनला विचारू.”

त्यांनी तिथूनच फोन लावला. डेक्लनने सगळे ऐकून घेतले.

“दिवसातून एकदा थांबायचं ना?” तो म्हणाला. “बाकी दिवसभर माझा प्रॉम्प्ट माझ्याजवळ?”

“होय.”

“मग ग्रँड. भट्टी निवेपर्यंत चहा होतो. तेवढं पुस्तकात लिही मात्र.”

बैठकीसाठी हरीशराव पहाटेच्या आगगाडीने डब्लिनला गेले आणि लुआसच्या ट्रॅममध्ये दारापाशी उभे राहून सँडीफोर्डला पोहोचले. बैठकीच्या खोलीत नोरीन होती आणि त्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुख बाईही होत्या.

“हरीश, एका वाक्यात सांग,” नोरीन म्हणाली. “प्रॉम्प्ट बंद की चालू?”

“एका वाक्यात सांगून पाहिले होते,” हरीशराव म्हणाले. “त्यानेच तबक वाया गेले.”

मग त्यांनी सावकाश सर्व सांगितले. बाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी आपला जुनाच प्रश्न पुन्हा विचारला: “म्हणजे यापुढे हिरव्या खुणेचा अर्थ काय?”

“की ही फाइल कोऱ्या आठवणीने आणि थंड यंत्रावर, दुसऱ्या कशाच्याही आधाराविना, एकदा शेवटापर्यंत चाललेली आहे.”

“आणि खूण नसलेल्या मजकुराचा?”

“त्याचा अर्थ तेव्हा यंत्राला काय आठवत आहे आणि भट्टी किती गरम आहे, यावर अवलंबून राहील. तो उद्या बदलू शकतो. म्हणून खूण नसलेल्या फाइलने एकही नळी कारखान्याबाहेर जाऊ नये.”

“तुमच्या पुस्तकाचे पहिले वाक्य वेगळे सांगते,” बाई म्हणाल्या. त्यांनी ते वाचले होते.

“होय,” हरीशराव म्हणाले. “ते वाक्य खरे नाही. मी ते काढून टाकतो आहे.”

नोरीनने बाईंकडे पाहिले. बाईंनी पेनाचे टोपण लावले आणि आपला निर्णय सांगितला. डेक्लनच्या एकाच यंत्रावर वसंत ऋतूपर्यंत हे चालवून पाहायचे. हिरवी खूण असलेली एकही फाइल तोवर अडली नाही, तर टेड आणि प्रॉम्प्ट दोन्ही राहतील. प्रॉम्प्टचे नियम मात्र त्यांना आधी लेखी हवे होते.

“नाताळचे संकट तर टळले,” बाहेर आल्यावर नोरीन हलकेच म्हणाली. “आता लिहायला लाग.”

लिहायला लागणे सोपे गेले नाही. हरीशरावांनी घरी स्वयंपाकघरातील टेबलावर लॅपटॉप उघडला. शेवटच्या पानावरील ती ओळ त्यांनी प्रथम खोडली. मग पहिल्या पानावरचे ते लाडके वाक्य काढले. त्या जागी त्यांनी लिहिले: ‘खूण मिळालेल्या मजकुराचा अर्थ सर्व काळी एकच असतो.’ वाक्य तर आखूड झालेच होते, पण त्यातला दावाही त्यांना लहान वाटला. त्यांनी ते दोनदा वाचले आणि तसेच राहू दिले.

नव्या प्रकरणाचा पहिला नियम त्यांनी नेहमीच्या पद्धतीने, आधी पूर्ण विचार करून लिहायला घेतला: प्रॉम्प्टवर एकच नाव दोनदा शिकवले, तर दुसरा अर्थ पहिल्याची जागा घेतो. हे उघडच आहे, असे त्यांना वाटले. पण आधी वापरात आलेल्या ठिकाणी काय? केटलचा वापर करून दुसरे एखादे नाव शिकवले असेल आणि मग केटलचाच अर्थ बदलला, तर त्या दुसऱ्या नावाने जुने केटल धरायचे की नवे? त्यांनी डोळे मिटून विचार केला. दोन्ही बाजू सारख्याच पटत होत्या.

भार्गवीने त्यांच्या लॅपटॉपवर खोट्या यंत्राचा एक प्रॉम्प्ट बसवून दिला होता. त्याला ना भट्टी होती, ना नळ्या. हरीशरावांनी तो उघडला. ओळ लुकलुकू लागली. त्यांनी दोन बोटांनी केटल शिकवले, मग केटलवरून दुसरे एक नाव शिकवले, मग केटल बदलले, आणि ते दुसरे नाव चालवून पाहिले.

पडद्यावर जे उत्तर आले त्याची त्यांनी अपेक्षा केली नव्हती: यंत्राने जुने केटलही धरले नव्हते आणि नवेही; कोणते धरू, असे ते उलट त्यांनाच विचारत होते.

“शुभदा,” त्यांनी हाक मारली, “जरा इकडे ये. हे बघ काय झालं.”

शुभदाताई पदराला हात पुसत आल्या. “नियम लिहिताय ना? मग खेळताय काय?”

“अजून शिट्टी झाली नाही,” हरीशराव म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढून पुढची ओळ लिहिली.